बांधाची उंची सांगता, आतल्या जमिनीची पातळी कोण मोजणार? खारभूमीच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
खारभूमीच्या योजना आखणारे, मंजूर करणारे आणि राबवणारे सर्व अधिकारी,
तसेच कोकण किनाऱ्यावरचे सर्व लोकप्रतिनिधी,

सविनय नमस्कार.

उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला धरमतर खाडीचे पाणी रायगडच्या खारेपाटातल्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या पट्ट्यातल्या भातशेतीपेक्षा वर असते. शेत खाली, पाणी वर आणि मध्ये मातीचा एक बांध. अलिबाग, पेण आणि उरण तालुक्यांतल्या कितीतरी गावांची शेती, विहिरी, जिताडा माशांची तळी, गुरांचा चारा आणि घरांचे जोते या एका बांधाच्या भरवशावर आहेत. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा हा बांध फुटला, आमच्या भाषेत खांड गेली, की खारे पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते. मग पंचनामा होतो, अंदाजपत्रक होते आणि त्यात एक शब्द हमखास असतो: बांध 'पूर्ववत' करणे.

हे पत्र त्या एका शब्दाविरुद्ध आहे. बांध पूर्ववत करता येईल. ज्या जमिनीसाठी तो बांधला ती पूर्ववत राहिलेली नाही, आणि समुद्रही पूर्वीच्या जागी नाही. 1948 सालच्या खार जमिनींच्या कायद्यापासून शासन या कामात आहे. 1979 साली महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. इतक्या वर्षांत बांधांची लांबी, उंची, माथ्याची रुंदी, दगडी पिचिंगचे (उतारावर रचलेल्या दगडांच्या थराचे) घनमीटर हे सगळे कागदावर आले. बांधाच्या आतली जमीन आज समुद्रपातळीपासून किती वर किंवा किती खाली आहे, तो आकडा मात्र कोणत्याही गावाच्या चावडीवर लावलेला आम्ही पाहिलेला नाही.

जमीन खाली का जाते ते आधी मांडतो, कारण पुढच्या सगळ्या मागण्या त्यावर उभ्या आहेत.

खाडीकाठची खार ही भरतीने आणून टाकलेल्या गाळाची जमीन. बांध घालण्यापूर्वी प्रत्येक मोठी भरती तिच्यावर गाळाचा पातळ थर सोडून जात असे आणि ती समुद्राबरोबर वर येत असे. बांध घातला त्या दिवशी हा गाळ थांबला. बाहेरच्या तिवरांत, म्हणजे खारफुटीच्या झाडांत तो आजही साठतो आहे, म्हणून जुन्या बांधावर उभे राहून दोन्हीकडे पाहिले तर बाहेरचा चिखल उंच आणि आतले शेत खोल दिसते. पुष्कळांना वाटते बाहेरची जमीन वाढली. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की आतली बसली. चिकणमातीतले पाणी उघाडीवाटे, म्हणजे बांधातल्या झडपेच्या पाइपावाटे निघून गेले की माती आकसते. उन्हाळ्यात खारीला पडणाऱ्या हातभर खोल भेगा हेच सांगतात. मातीत अडकलेली मुळे आणि पालापाचोळा हवा लागली की कुजून संपतो, तेवढी पोकळी बसते. त्यावर रस्त्याचा किंवा घराच्या जोत्याचा भराव पडला तर खालचा मऊ चिखल वर्षानुवर्षे दबत राहतो.

जमीन खचण्याची चर्चा निघाली की जकार्ताचे नाव येते. तिथली जमीन मुख्यतः भूजल उपसल्यामुळे खाली गेली. टोकियोतही तेच झाले होते. 1956 आणि 1962 च्या कायद्यांनी उपशाला लगाम घातल्यावर तिथले खचणे आटोक्यात आले. खारेपाटाचे कारण वेगळे आहे. इथे गोडे भूजल उपसायला फारसे नाहीच. त्यामुळे तिथला उपाय इथे चालणार नाही, पण तिथली एक गोष्ट चालेल: दोन्ही शहरांत जमीन किती खाली गेली हे कळले ते ठरावीक खुणांची पातळी वर्षानुवर्षे मोजली म्हणून.

समुद्राचे आकडे आपल्याकडे आहेत. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या हवामान अहवालाप्रमाणे उत्तर हिंदी महासागराची पातळी 1874 ते 2004 या काळात वर्षाला 1.06 ते 1.75 मिलिमीटरने वाढली आणि 1993 ते 2017 या काळात वर्षाला 3.3 मिलिमीटरने. हाच वेग धरला तरी 30 वर्षांत 10 सेंटिमीटर होतात. आतली जमीन बसते ती त्यात धरलेली नाही.

10 सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून हिशेब पाहू. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत सरासरी भरती आणि सरासरी ओहोटी यांत सुमारे 3.7 मीटर फरक असतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते त्या दिवसांत सुमारे 1.4 मीटर. ज्या खारीची पातळी सरासरी समुद्रपातळीच्या आसपास आहे, तिथे खाडीचे पाणी शेताच्या खाली असते ते प्रत्येक ओहोटीत साधारण सहा तास. तेवढ्याच वेळात उघाडी पाणी बाहेर सोडू शकते. समुद्राचे चढणे आणि जमिनीचे बसणे मिळून फरक 30 सेंटिमीटर झाला, तर उधाणात या सहा तासांतली 40 मिनिटे जातात. भांगात पाणी संथ चढते-उतरते, म्हणून तिथे दीड तासाहून जास्त जातो. बांध जसाच्या तसा उभा असतो, कुठे खांड नसते आणि तरी पावसाचे पाणी शेतात आठ-आठ दिवस तुंबते ते यामुळे. त्याची नोंद 'अतिवृष्टी' म्हणून होते. खरे कारण पातळीचे असते.

हाच हिशेब उघाडीला लावा. 100 हेक्टरच्या खारीवर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर पाणी होते. कोकणात जुलै महिन्यात एवढा पाऊस ही काही अपूर्वाई नव्हे. 900 मिलिमीटर व्यासाच्या एका ह्यूम (सिमेंटच्या) पाइपातून सेकंदाला दीड मीटर वेगाने पाणी गेले तर सेकंदाला साधारण 0.95 घनमीटर बाहेर पडते. दिवसाच्या दोन ओहोट्यांचे बारा-साडेबारा तास धरले तर असे तीन पाइप लागतात. पातळीतल्या फरकाने भांगातला वेळ नऊ तासांवर आला की चार लागतात. डोंगराकडून ओढ्याचे पाणीही त्याच खारीत उतरत असेल तर त्याहून जास्त. तरीही नव्या उघाडीत 'पूर्ववत' तेवढेच पाइप बसवले, तर सिमेंट नवे आणि पूर जुना अशी गत होते.

आता दुसरी गोष्ट. ऐकायला किरकोळ वाटेल, पण तिच्यामुळे बांध ठेंगणे राहतात. भरतीच्या तक्त्यातला मीटर आणि मोजणीतला मीटर वेगळ्या शून्यापासून मोजतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यात मुंबईच्या अपोलो बंदराची भरती 4.9 मीटर लिहिलेली असते, ती अगदी खालच्या ओहोटीच्या जवळ धरलेल्या शून्यापासून. जमिनीची मोजणी सरासरी समुद्रपातळीपासून होते आणि ती या शून्याच्या सुमारे 2.5 मीटर वर आहे. म्हणजे 4.9 मीटरची भरती मोजणीच्या भाषेत सुमारे 2.4 मीटर. हे रूपांतर कुठे केले, कोणत्या बेंचमार्कवरून (पातळीच्या पक्क्या खुणेवरून) पातळी आणली, हे अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर असले पाहिजे. बांधाची उंची 'जमिनीपासून अमुक मीटर' एवढीच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे, कारण ती जमीनच बसते आहे.

शिवाय अपोलो बंदरची भरती ती वडखळची किंवा नागोठण्याची भरती नव्हे. खाडी आत अरुंद होते तसे पाणी चढते, वेळ मागे पडते आणि पावसाळ्यात वरून अंबा नदीचा लोंढा त्यावर बसतो. तक्त्यातला आकडा फक्त चंद्र-सूर्याच्या ओढीचा असतो. वारा आणि हवेचा कमी झालेला दाब त्यात नसतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला भिडले, तेव्हाचे पाणी कोणत्याही तक्त्यात छापलेले नव्हते. म्हणून माथा ठरवताना नोंदलेल्या सर्वांत मोठ्या उधाणावर किमान एक मीटर मोकळी उंची आमच्या मते हवीच, आणि हे उधाण त्या-त्या खाडीत मोजलेले हवे.

बांधाच्या कामाबद्दल आता थोडे सविस्तर लिहितो. हे काम पूर्वी घरटी एक माणूस येऊन हातांनी होत असे. आता पोकलेन करते. पोकलेनला आमचा विरोध नाही. पोकलेन ज्या पद्धतीने वापरले जाते तिला आहे.

यंत्र बांधावर उभे राहते, हात जिथवर पोचतो तिथून, म्हणजे बांधाच्या पायथ्यालाच, चिखल उचलते आणि माथ्यावर टाकते. वर वजन वाढले आणि खाली आधार गेला. मग उधाण उतरून गेल्यावर, बाहेरच्या पाण्याचा टेका सुटला की बांधाची कूस, म्हणजे उतरती बाजू, पायथ्याच्या खड्ड्यात सरकते. लोक म्हणतात भरतीने बांध फोडला. पुष्कळदा तो ओहोटीत बसलेला असतो आणि पुढची भरती फक्त आत येते. माती बांधाच्या पायथ्यापासून निदान पाच मीटर सोडूनच उचलावी. खड्डे सलग चर काढल्यासारखे नसावेत, मध्ये आडव्या पट्ट्या राखाव्यात, नाहीतर तोच चर पाण्याची वाट होतो.

माती कशी असावी हे बांधावरच्या जुन्या माणसाला विचारा. मूठ वळली पाहिजे आणि हाताला पाणी लागता कामा नये. ओला चिखल टाकला तर वाळताना तडकतो. कोरडी ढेकळे टाकली तर मध्ये पोकळ्या राहतात. ढेकळे फोडून वीतभराचे थर द्यायचे आणि प्रत्येक थर धुम्मस किंवा रोलरने ठोकायचा. जुन्या बांधाला नवी माती जोडताना जुन्या कुशीवरचे गवत काढून पायऱ्या खणायच्या, मग माती भरायची. नाहीतर जुन्या-नव्याच्या सांध्यातून पाणी झिरपते. नवा बांध पहिल्या उन्हाळ्यात आकसतो, म्हणून ठरलेल्या उंचीच्या दहाव्या हिश्शापासून पाचव्या हिश्शापर्यंत जादा उंची आधीच द्यावी लागते. खाडीकडचा उतार तीनास एक (तीन आडवे, एक उभे) आणि आतला दोनास एक असावा. उतार उभा ठेवून वाचवलेली माती दोन पावसाळ्यांत खाडी घेऊन जाते.

मुरुमाचे सांगायलाच हवे. मुरुमाचा बांध दिसायला टणक, त्यावरून गाडीही जाते, पण मुरूम पाणी धरत नाही. गाभा चिकणमातीचाच हवा. मुरूम फक्त माथ्यावर, वाटेपुरता. पिचिंगचे दगड थेट मातीवर रचले तर लाटेच्या प्रत्येक ओढीबरोबर फटींतून माती निघून जाते आणि दगड आत बसतात. खाली बारीक खडीचा किंवा गाळणी-कापडाचा थर नसेल तर पिचिंगचा खर्च फुकट.

देखभालीला लागतो रोज फिरणारा माणूस. खेकड्याचे बीळ बोटाएवढे असते. उधाणात त्यातून पाणी आत शिरते आणि आतल्या कुशीवर झरा दिसतो. झरा स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचे. गढूळ असेल तर बांध आतून पोखरतो आहे, आणि त्याच ओहोटीत बीळ खणून काढून माती ठोकायची. ही पाहणी उधाणाच्या चार-पाच दिवसांत दिवसातून दोनदा करायला दर दोन किलोमीटरला एक माणूस पुरतो. त्याचे वर्षाचे मानधन आणि एका खांडीचा खर्च शेजारी-शेजारी मांडून पाहावेत.

उघाडीकडे वळतो. बाहेरकाठा कितीही भक्कम केला तरी दुबळी जागा तीच, कारण तिथे सिमेंट आणि माती एकमेकांना भेटतात. पाइपाच्या अंगाअंगाने पाणी वाट काढते. ती अडवायला पाइपाला मध्ये दोन-तीन ठिकाणी सिमेंटची आडवी गळपट्टी लागते आणि भोवतीची माती हातानेच ठोकावी लागते. यंत्राचा पंजा तिथे पोचत नाही. झडप भरतीला आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, पण बिजागरी गंजली, रबर झिजले किंवा ओंडका-प्लॅस्टिक अडकले की ती अर्धी उघडी राहते आणि खारे पाणी रोज चोरपावलांनी आत येते. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात नसते. बाहेर गाळ साठून झडप उघडतच नाही, हा उलटा प्रकार तितकाच घातक. म्हणून मे महिन्यात प्रत्येक झडप उघडून-मिटून दाखवावी, बाहेरची नाळ (पाण्याची वाट) उपसावी आणि बिजागरी-रबराचा एक जादा संच गावात ठेवावा.

गोव्याच्या खाजणांत, म्हणजे तिथल्या खारींत, मानशीच्या (तिथल्या उघाडीच्या) तोंडाशी मासे धरण्याचा हक्क लिलावाने देऊन त्यातून बांधाची डागडुजी करण्याची जुनी रीत आहे. तिचा दोषही तिथल्या लोकांना ठाऊक आहे: मासे जास्त मिळावेत म्हणून मानस जास्त वेळ उघडी ठेवली की शेत खारवते. आपल्याकडे अशी काही व्यवस्था आणायची असेल तर झडपेची किल्ली मासे धरणाऱ्याकडे असू नये, एवढी अट पहिल्या ओळीत घाला.

खांड गेल्यावर काय होते, आणि उशिराचा अर्थ काय, हे मंत्रालयात बसून कळणे अवघड आहे. 100 हेक्टरवर सरासरी एक मीटर पाणी चढले तर दहा लाख घनमीटर पाणी दर भरतीला त्या फटीतून आत आणि दर ओहोटीला बाहेर धावते. फट दोन मीटरची असते तोवर गोण्यांनी बुजते. आठवड्यात ती वीस मीटर होते, तळाला डोह पडतो, आणि मग कामाचा अंदाज लाखांतून कोटींत जातो. खांड बुजवायची ती पहिल्या भांगात. तळ आणखी खणला जाऊ नये म्हणून आधी बांबूचे तट्टे आणि पेंढ्या दगड बांधून तळावर बसवायच्या. वाशांच्या दोन रांगा ठोकून मध्ये चिकणमातीने तीन चतुर्थांश भरलेल्या गोण्या रचायच्या. गच्च भरलेली गोणी शेजारच्या गोणीला चिकटत नाही. डोह खोल असेल तर सरळ रेषेत बांध घालण्याचा हट्ट सोडून आतून वळसा घ्यायचा. शेवटचे तोंड एकाच ओहोटीत बंद झाले पाहिजे. यासाठी गोण्या, वासे, तट्टे आणि मातीचा ढीग आधीपासून गावात हवा. निविदा काढून भांग गाठता येत नाही.

भांग चुकले, पावसाळा लागला की तिवरांचे बी पाण्याबरोबर शेतात येऊन रुजते. दोन-तीन वर्षांत ते कांदळवन होते आणि मग शेताचा मालक स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत परका होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालाने कांदळवनांना आणि त्यांच्याभोवतीच्या 50 मीटरना संरक्षण दिले. ते योग्यच आहे. बांधाबाहेरच्या कांदळवनाचा पट्टा लाटांचा जोर मोडतो, तो तोडू नये असे आमचेच म्हणणे आहे. आमचा आक्षेप आहे तो दुरुस्ती वेळेत न झाल्याने शेतात उगवलेल्या तिवरांचा भार शेतकऱ्यावर टाकण्याला. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत खारे पाणी आत येऊ नये म्हणून करायच्या रचनांना वाव ठेवलेला आहे. त्याचा आधार घेऊन खांडीची तारीख, उपग्रहचित्र आणि सातबारा यांच्यासह प्रस्ताव शासनानेच तयार करून संबंधित प्राधिकरणापुढे आणि गरज पडेल तिथे न्यायालयापुढे न्यावा. एकेका शेतकऱ्याने वकील लावून हे होणार नाही.

बाहेरचा चिखल बांधाच्या पायथ्याला टेकू देतो, तो टेकू काढून घेणाऱ्या दोन गोष्टी आहेत. सक्शन पंपाने रेती काढली की नाळ खोल होते आणि काठ तिच्यात घसरतो. मोठे बार्ज भरतीच्या वेळी वेगाने गेले की त्यांची लाट नेमकी बांधाच्या कुशीवर, गवताच्या पट्ट्यात आपटते. वेगाची मर्यादा ठरवणे आणि बांधापासून ठरावीक अंतरात रेतीउपसा बंद ठेवणे, याला पैसा लागत नाही.

भरावाचे मात्र गंभीर आहे. खारीच्या एका कोपऱ्यात तीन मीटर भराव पडला की तिथे पूर्वी साठणारे पाणी उरलेल्या खारीत येते. वजनाने दबलेला चिखल बाजूला उचलतो आणि शेजारचा नाला भरून टाकतो. नवी मुंबई वसवताना भरतीच्या वेळचे पावसाचे पाणी थोपवायला धारण तलाव ठेवले गेले; म्हणजे हे शास्त्र खाडीच्या पलीकडच्या काठावर ठाऊक आहे. खारेपाटात भरावाची परवानगी देताना मात्र तेवढ्याच घनमीटरची साठवण कुठे दिली, हा प्रश्न परवानगीच्या कागदावर असायला हवा. उरणची गावे भरावाच्या मध्ये वाटीसारखी राहिल्यावर पाणी कुठे जाते, हे दर पावसाळ्यात दिसते.

भरपाईबद्दल थोडक्यात. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत पूर आहे, चक्रीवादळ आहे, त्सुनामी आहे. उधाणाने बांध फुटणे नाही. राज्याने आपल्या यादीत समुद्राचे उधाण घेतले, हे चांगले केले. पण मदत मिळते ती 33 टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेले तर आणि एका हंगामापुरती. मीठ एका हंगामात जात नाही. मातीची क्षारता मीटरला 3 डेसिसायमनच्या वर गेली की साध्या भाताचा उतारा घसरू लागतो. ती खाली आणायला पावसाचे गोडे पाणी शेतात वीतभर कोंडून ओहोटीला सोडायचे, असे आवणीआधी (भातलावणीआधी) तीन-चारदा करावे लागते, आणि उघाडी धड असली तरी दोन-तीन पावसाळे जातात. तोवर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-1, 2, 3 या क्षार सोसणाऱ्या जाती किंवा जुने राता भात यांचे बी लागते. खांडीच्या गावांना ते बी आणि माती-परीक्षण त्याच वर्षी मिळाले पाहिजे, आणि मदत क्षारता उतरेपर्यंत.

आमच्या मागण्या अशा.

एक. प्रत्येक खारबंदिस्तीच्या आतल्या जमिनीची, बांधाच्या माथ्याची, उघाडीच्या तळाची आणि बाहेरच्या चिखलाची पातळी सरासरी समुद्रपातळीच्या संदर्भात मोजावी. खोल पाया घेतलेल्या पक्क्या खुणा बसवाव्यात, दर तीन वर्षांनी त्या पुन्हा मोजाव्यात आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. जुलै 2025 मध्ये अवकाशात गेलेल्या निसार उपग्रहाचा लांब तरंगलांबीचा रडार पिकांच्या जमिनीवरही बऱ्यापैकी चालतो. त्याची मोजणी या खुणांशी ताडून पाहावी. एकट्या उपग्रहावर विसंबू नये.

दोन. धरमतर, कुंडलिका, सावित्री आणि वाशिष्ठी या प्रत्येक खाडीत तोंडाशी, मध्ये आणि आत अशा किमान तीन ठिकाणी भरती मोजणारी यंत्रे कायमची बसवावीत.

तीन. कोणत्याही अंदाजपत्रकात 'पूर्ववत' हा शब्द स्वीकारू नये. त्याऐवजी आजची पातळी, पुढच्या 30 वर्षांचा फरक, मोजलेले उधाण, मोकळी उंची आणि आकसण्याची जादा उंची हे पाच आकडे मागावेत. उघाडीच्या पाइपांची संख्या वर दिला तसा हिशेब मांडूनच ठरावी.

चार. पातळीची मोजणी दिवाळीपर्यंत, मंजुरी डिसेंबरात, कार्यादेश जानेवारीत आणि मातीकाम एप्रिलअखेर पूर्ण, हे वेळापत्रक बंधनकारक करावे. मे महिन्यात ओल्या चिखलाने घाईने केलेल्या कामाचे देयक देऊ नये.

पाच. खांड बुजवण्यासाठी गावपातळीवर साहित्याचा साठा, आणि पहिल्या भांगात काम सुरू करण्याचा व खर्चाचा अधिकार स्थानिक अभियंत्याला निविदेशिवाय द्यावा. खर्चाचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा.

सहा. शासकीय आणि खासगी योजना हा भेद दुरुस्तीपुरता तरी संपवावा. खाडीचे पाणी आत शिरताना बांध कोणाच्या खात्यावर आहे हे पाहत नाही, आणि शेजारची शासकीय खारही त्याच वाटेने बुडते. योजना मंजूर करताना हेक्टरी खर्चाच्या निकषात बांधामागची घरे, विहिरी, रस्ते आणि तळी धरावीत.

सात. जिथे जमीन इतकी खाली गेली आहे की नुसत्या उघाडीने पाणी निघणार नाही, तिथे ते स्पष्ट सांगावे. पंप, खारीतच राखलेले साठवण तळे किंवा खारफुटीबरोबर मत्स्यशेती, यांपैकी काय परवडते याचा हिशेब त्या गावापुढे मांडावा आणि निर्णय गावाला घेऊ द्यावा. सगळ्या खारी वाचतील असा दावा आम्ही करत नाही. कोणती वाचेल आणि कोणती नाही, हे पातळी मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

या पत्राला उत्तर म्हणून आश्वासन नको. येत्या भातकापणीनंतर, खारी कोरड्या पडल्या की, मोजणीचे पथक कोणत्या तारखेला कोणत्या गावापासून सुरुवात करणार ते कळवावे. बांधावर वाट दाखवायला आणि जुन्या खांडींच्या जागा सांगायला प्रत्येक गावातली माणसे हजर असतील.

आपले,
खारेपाटातले शेतकरी, खाडीवर मासे धरणारे आणि बांध-उघाडीची कामे केलेले आम्ही काही जण